जर्मन घरात मराठी जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या देवाणघेवाण कार्यक्रमातून, भाषेच्या कोर्ससाठी किंवा आउ-पेअर म्हणून (घरातली मुलं सांभाळायची, बदल्यात राहणं-जेवण) जर्मनीत एखाद्या कुटुंबाकडे राहायला जाणारी मुलंमुली आणि त्याहून जास्त त्यांच्या आया हे प्रश्न पाठवत असतात. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एक दिवस सगळ्यांसाठी आपलं जेवण करायचं ठरलंय. नेमकं काय करू?

वरण-भात-तूप-लिंबू, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या आणि गोडाला श्रीखंड. एवढं पुरे. यातला एकही पदार्थ बिघडला तरी बाकीच्यांवर जेवण निभावतं. पुरणपोळी, अळूवडी, भरली वांगी हे सगळं जमत असेल तर उत्तमच, पण परक्या ओट्यावर, परक्या भांड्यांत, पाच-सहा माणसांसाठी पहिल्यांदाच पुरण शिजवायला घेऊ नका. घरी मंगळवारी रात्री जे जेवता ते करा.

२. त्यांनी इंडियन हॉटेलात खाल्लेलं असतं. साधं वरण-भात फिकं नाही का वाटणार?

हा प्रश्न आईकडून येतो, मुलांकडून नाही. जर्मनीतल्या बहुतेक इंडियन हॉटेलांत नान, टिक्का मसाला, पालक पनीर आणि मँगो लस्सी मिळते. तुम्ही घरी पनीर बटर मसाला केलात तर तुलना हॉटेलशी होणार आणि तंदूर तुमच्याकडे नाही. वरण-भाताची तुलना करायला त्यांच्याकडे काहीच नसतं. शिवाय मसूर-वाटाण्यासारख्या कडधान्याचं दाट सूप हा जर्मन घरांतला नेहमीचा पदार्थ आहे, त्यामुळे डाळ त्यांना परकी वाटत नाही. हिंग-जिऱ्याची फोडणी आणि वरून तूप, हे मात्र नवीन असतं.

काही घरांत तर तुमच्याआधी कोणी मराठी मूल राहून गेलेलं असतं. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पुण्याचं ब्रेमेनशी जुनं नातं आहे, औंधातला ब्रेमेन चौक त्याचाच. अशा घरात पोहे आणि चहा माहीत असण्याची शक्यता धरून चाला.

३. इथून काय न्यायचं आणि काय अजिबात न्यायचं नाही?

आधी नाही ते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध, तसंच त्यांच्यापासून केलेले पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर सगळं बाद. आजीने कढवलेलं तूप फ्रँकफर्टच्या कस्टमवाल्यांच्या कचऱ्याच्या डब्यात जाताना पाहण्यापेक्षा ते घरीच ठेवा, तिकडे पर्याय आहे (प्रश्न ५). ताजी फळं, भाज्या आणि पानांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच त्यातून सूट आहे. आंब्याच्या पेटीला ती नाही. ताजा कढीपत्ताही नको.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या युरोपच्या नियमांत अडत नाहीत, विमानाच्या नियमांत अडतात. खोबऱ्यात तेल भरपूर असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरलं जातं. किसलेलं खोबरं तिकडे मिळतंच.

आता न्यायचं ते: गोडा मसाला, काळी मोहरी, हिंग, आमसुलं, थालिपिठाची भाजणी, थोडी लाल मिरची पूड. मसाला घरचा असला तरी पॅकबंद करून वर नाव लिहा. निळ्या प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारलेली तपकिरी पूड कस्टमच्या माणसाला समजावत बसायची वेळ येऊ नये. लाटणं न्या, ते तिकडे असतं पण जाडजूड, दोन मुठींचं. पोळपाट नको, स्वच्छ ओट्यावर लाटता येतं.

४. विमान दुबईमार्गे आहे. मसाल्यात खसखस असली तर?

नेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगायलाच बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. प्रकरण दंडावर मिटेलच असं नाही. सुटी खसखस तर नकोच, पण घरी कुटलेला कांदा-लसूण मसाला किंवा गरम मसाला नेणार असाल तर त्यात ती घातली आहे का हे आईला किंवा ज्यांनी कुटला त्यांना विचारा. गंमत अशी की जर्मनीत खसखस सर्रास मिळते, तिचे केक होतात. तिथे तिला ‘मोन’ म्हणतात. ती त्यांची काळसर-निळी, आपली पांढरी, एवढाच फरक.

५. तिकडच्या साध्या सुपरमार्केटात काय मिळतं?

बरंच मिळतं, पण पाटी नीट वाचावी लागते. नेहमी फसवणाऱ्या जोड्या अशा:

‘बुटरश्माल्ट्स’ म्हणजे जवळजवळ आपलं तूप. नुसतं ‘श्माल्ट्स’ म्हणजे बहुधा डुकराची चरबी. दोन्ही फ्रिजच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी असू शकतात.

‘क्रॉयट्सक्युमेल’ म्हणजे जिरं. नुसतं ‘क्युमेल’ दिसायला जिऱ्यासारखंच, पण ते वेगळं, कोबीच्या भाजीत आणि ब्रेडमध्ये घालायचं. त्याची फोडणी दिलीत तर वरणाला बेकरीचा वास येईल.

बटाट्यांच्या पिशवीवर ‘फेस्टकोखेन्ड’ असेल तर ते शिजून अख्खे राहतात, सुक्या भाजीला तेच. ‘मेलिशकोखेन्ड’ फुटून पीठ होतात, ते वड्याच्या सारणाला.

मोहरी मिळते ती पिवळी, लोणच्याची. काळी घरूनच न्या. तूरडाळ साध्या दुकानात नसते, ती आशियाई किराणा दुकानात. पण ‘रोटे लिन्झेन’, म्हणजे मसूर डाळ, कुठेही मिळते. आशियाई दुकान लांब असेल तर सरळ मसुराचं वरण करा. तांदळात बासमती सगळीकडे असतो. वरणाबरोबर मऊ भात हवा तर जास्मिन घ्या, आंबेमोहोराचा भास त्यातच थोडाफार होतो. भोकं पाडलेल्या पिशवीतला, पिशवीसकट उकळायचा तांदूळ घेऊ नका. खोबऱ्याचा कीस बेकिंगच्या कप्प्यात ‘कोकोसरास्पेल’ नावाने. कोथिंबीर कुंडीसकट मिळते. हिरवी मिरची आशियाई दुकानात. शेंगदाणे डब्यात खारवलेले असतात ते कुटाला नकोत, टरफलासकट भाजलेले मिळतात ते सोलून कुटा. खलबत्ता नसेल तर जाड पिशवीत घालून लाटण्याने कूट होतो.

श्रीखंडासाठी चक्का टांगायची गरज नाही. ४० टक्केवाला ‘क्वार्क’ घ्या, तो जवळपास चक्काच. पाणी सुटलेलं वाटलं तर कॉफीच्या फिल्टर-कागदात दोन-तीन तास ठेवा. ५०० ग्रॅम क्वार्कला १२० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, दुधात भिजवलेलं केशर. आपल्याकडे साखर याहून जास्त घालतात, तिकडे हे पुरतं.

६. पोळ्या लाटल्या तर वातड होतात. चूक पिठाची का हाताची?

बहुधा पिठाची. जर्मन पिठावर नंबर असतो, तो १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्याचा. नंबर जितका मोठा तितका कोंड्याचा भाग जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदा, ५५० त्याच्या जवळचा. ‘फोलकॉर्न’ म्हणजे अख्ख्या गव्हाचं, पण त्यात कोंडा जाड, पोळी कडेने फाटते. १०५० नंबरचं पीठ पोळ्यांना सगळ्यात जवळचं. ते नसेल तर फोलकॉर्न आणि ५५० निम्मं-निम्मं. पाणी कोमट, तेल थोडं जास्त, आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवा. आशियाई दुकानात आपला आटा मिळाला तर प्रश्नच मिटला.

फुलका आचेवर फुगवता येणार नाही, कारण आचच नसते (प्रश्न ८). घडीची पोळी करा, तव्यावरच कापडाने दाबून फुगते. आणि लाटणं हातात बसलेलं नसेल तर पोळ्या सोडून थालिपीठ थापा. गोल आलं नाही तरी कुणाला कळत नाही.

७. कुकर नाही. डाळ कशी शिजवू?

मसूर असेल तर पंधरा-वीस मिनिटांत उघड्या पातेल्यात शिजते. तूर दोन तास कोमट पाण्यात भिजवा, मग अर्धवट झाकण ठेवून पाऊण तास तरी धरा. जर्मनीत पुष्कळ ठिकाणी नळाचं पाणी जड असतं आणि जड पाण्यात डाळ हटवादीपणा करते. चिमूटभर खायचा सोडा, तिथला ‘नाट्रॉन’, घाला. मीठ डाळ मऊ झाल्यावर.

काही घरांत कुकर असतोही, पण तो शिट्टी देत नाही. झाकणावरची दांडी वर येते आणि तिच्यावरच्या रेघांवरून दाब कळतो. ‘तीन शिट्ट्या’ हे माप तिथे चालत नाही. पहिल्यांदा वापरताना घरच्यांना शेजारी उभं करा.

८. काचेच्या शेगडीवर फोडणी करपते. आणि वासाचं काय?

पुष्कळ घरांत सपाट काचेची विजेची शेगडी असते. ती तापायला वेळ घेते आणि बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. गॅसवर आपण मोहरी तडतडली की आच बारीक करतो. इथे बटण फिरवून काही होत नाही, कढलं उचलूनच बाजूला घ्यायचं. मधल्या आचेवर तेल तापवा, मोहरीचे दोन दाणे टाकून पाहा, ते उडाले की बाकीची घाला, लगेच झाकण ठेवा, आवाज थांबत आला की भांडं उचला, आणि जिरं, हिंग, हळद उचललेल्या भांड्यातच घाला. बुडाला खोलगट असलेला तवा किंवा कढई या शेगडीवर टेकत नाही. इंडक्शन असेल तर लोहचुंबक चिकटेल अशाच बुडाचं भांडं लागतं, ॲल्युमिनियमचं चालत नाही.

वास: स्वयंपाकघराचं दार लावा, वरचा पंखा फोडणीच्या आधी सुरू करा, खिडकी सताड उघडा. जर्मन लोक हिवाळ्यातही खिडक्या उघडून घर हवेशीर करतात, त्यामुळे याचं कुणाला वावगं वाटत नाही. एक गोष्ट कुणी सांगत नाही: दाराजवळच्या खुंट्यांवर सगळ्या घराचे कोट टांगलेले असतात. लोकरीचा कोट हिंगाचा वास पकडतो आणि दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात पोचतो. आधी ते कोट एखाद्या खोलीत हलवा. धुराचा अलार्म जर्मन घरांत कायद्याने लागतो. तो सहसा झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये असतो, म्हणून दार लावायचं.

हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला किंवा टेबलक्लॉथला लागला तर लगेच पुसा. लाकडी चमचा पिवळा होणारच, आपला वेगळा घ्या.

९. तिखट किती?

मिरची पुडीऐवजी ‘पाप्रिका एडेलझ्यूस’ घाला. रंग लाल, तिखटपणा नाही. हिरवी मिरची अख्खी घालून काढून घ्या आणि ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. तिखट खाणारं कुणी निघालं तर त्याची सोय होते. मात्र तिखट कमी करताना मीठ, हिंग, गूळ, आंबट कमी करू नका. बेचव जेवणाला ‘त्यांना चालत नाही म्हणून’ हे कारण फार सोयीचं असतं.

१०. घरात कुणाला ॲलर्जी आहे, कुणी व्हेगन आहे. काय पाहायचं?

आधी विचारा, बेत नंतर ठरवा. युरोपीय संघात १४ गोष्टी ॲलर्जीकारक म्हणून जाहीर कराव्या लागतात. त्यांत शेंगदाणे, तीळ, दूध, गहू आहेत हे आपल्या लक्षात येतं. मोहरीही आहे, हे येत नाही. म्हणजे आपल्या जवळजवळ प्रत्येक फोडणीत एक. गोड्या मसाल्यात तीळ असतात. साबुदाण्याची खिचडी आणि काकडीची कोशिंबीर, दोन्हींत दाण्याचं कूट.

ग्लुटेन चालत नसेल तर सगळ्यात मोठा चोर हिंगाची डबी. बाजारातल्या पुष्कळ हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. घटक वाचा, नाहीतर त्या दिवशी हिंगच नको. पोळीऐवजी तांदळाची भाकरी करा. भाजणीत गहू असतात हे विसरू नका.

व्हेगन असेल तर तूप वेगळ्या वाटीत, श्रीखंड बाकीच्यांना, आणि त्यांच्यासाठी नारळाच्या दुधाची सोलकढी. डब्यातलं नारळाचं दूध निम्मं पाणी घालून पातळ करा, आमसुलाचं पाणी, मीठ, ठेचलेला लसूण, थोडी मिरची. या सगळ्या बेतातली सोलकढी ही एकच गोष्ट तिथे घरच्याइतकी चांगली होते.

११. मी शाकाहारी आहे. त्यांच्या भांड्यांत मांस शिजतं. मागू का वेगळी?

मागायला हरकत नाही, पण राहायला जाण्याआधी सांगितलेलं बरं, स्वयंपाकाच्या दिवशी ओट्यापाशी नव्हे. एक पातेलं आणि एक तवा स्वतःच विकत घेणं हा सोपा मार्ग. दोन्ही जाताना त्यांच्याकडे राहू द्या. त्यांच्या बाजूने टेबलावर सॉसेज आलं तर येऊ द्या, घर त्यांचं आहे.

१२. मांसाहारी केलं तर?

करा की. कोल्हापुरी पांढरा रस्सा तिखट नसल्यामुळे चांगला चालतो. मालवणी आमटीला मासा फिलेटचाच मिळेल, काटे नसतात पण तुटतो. रस्सा पूर्ण तयार झाल्यावर शेवटची पाच-सात मिनिटं घाला आणि ढवळू नका.

१३. कुठला दिवस, किती वाजता?

शनिवारी खरेदी, रविवारी जेवण. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा विसरलेली कोथिंबीर विसरलेलीच. पुष्कळ घरांत गरम जेवण दुपारी आणि संध्याकाळी ब्रेड-चीज असतं, तर काही घरांत उलटं. विचारून ठरवा. सात म्हणजे सात. ‘आलंच’ म्हणत आठ वाजवले तर लहान मुलं ब्रेड खाऊन मोकळी होतात.

सातच्या जेवणाला साडेतीनला उभे राहा. श्रीखंड आदल्या रात्री. डाळ भिजत, कणीक मळून, बटाटे उकडून पाचपर्यंत. कोशिंबिरीला मीठ आणि दही अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. पोळ्या साडेसहाला संपल्या पाहिजेत, कारण तुम्ही तव्यापाशी आणि ते टेबलापाशी हे तिथे चालत नाही. सगळे बसल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करत नाही, आणि त्या ‘सगळ्यां’त तुम्ही आहात.

१४. ताट आपल्या पद्धतीने वाढू का? हाताने जेवायला सांगू?

भांडी टेबलावर ठेवून ज्याने त्याने घ्यायचं ही त्यांची पद्धत, ती मोडू नका. फक्त स्वतःचं एक ताट आपल्यासारखं वाढून दाखवा: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, वर वरण, वरणावर तूप. मुलं लगेच तसंच करून पाहतात. काटा-चमचा मांडलेला असू द्या. तुम्ही हाताने जेवा, ज्याला वाटेल तो जेवेल.

आग्रह करू नका. ‘नाइन, डांके’ म्हणजे नको. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे बोलायची रीत असते. तिथे ते खरंच नको असतं, आणि त्यानंतर ताटात पडलेली पोळी त्यांना संकट वाटते. उलट बाजूही लक्षात ठेवा: तुम्हाला काही हवं असताना पहिल्यांदा ‘नको’ म्हणालात तर दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही.

१५. त्यांनी फारसं खाल्लंच नाही तर?

काय आवडलं तेवढं विचारा, काय नाही ते विचारू नका. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते, त्याला जनुकीय कारण आहे. ती वेगळ्या वाटीत ठेवा. उरलेला भात रात्रभर बाहेर ठेवायचा नाही, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. सकाळी त्याचा फोडणीचा भात. आदल्या दिवशी वरणाला हात न लावणारं घर फोडणीचा भात संपवतं असं बऱ्याच जणांनी कळवलंय.

१६. पुऱ्या तळल्या तर उरलेलं तेल कुठे टाकायचं?

सिंकमध्ये नाही. गार करून, बरणीत बंद करून न-पुनर्वापराच्या कचऱ्यात. मुळात तळण टाळा. तळायचंच असेल तर झाकण हाताशी ठेवा. तेलाने पेट घेतला तर झाकण घालून शेगडी बंद करायची, पाणी कधीच ओतायचं नाही.

१७. सामानाचे पैसे कुणी द्यायचे?

बेत तुमचा, तर तुम्ही द्या. ‘आम्ही देतो’ म्हणाले तर एकदाच ‘मी देते’ म्हणा. दोनदा कुणी म्हणत नाही, वाद घालू नका. खरेदीला त्यांना सोबत न्या, श्माल्ट्सचा घोटाळा (प्रश्न ५) तिथेच टळतो.

१८. मुलीला स्वयंपाकातलं काहीच येत नाही आणि पंधरा दिवसांत विमान आहे.

वरण, भात आणि श्रीखंड एवढंच शिकवा, आणि तिला एकटीला करू द्या. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. ‘आई, मीठ किती?’ याचं उत्तर देऊ नका, कारण तिकडे ते विचारेपर्यंत इकडे रात्र झालेली असेल. पोळ्यांच्या नादी लावू नका. तिकडच्या बेकरीतला ब्रेड वरणाबरोबर चांगला लागतो.

१९. त्यांनी रेसिपी मागितली. कशी लिहून देऊ?

ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये. ‘चवीनुसार मीठ’ आणि ‘अंदाजाने पाणी’ लिहिलंत तर ती चिठ्ठी फ्रिजवर लटकत राहील. त्यांच्या रेसिपीत मोठा चमचा ‘ए-एल’ (EL) आणि छोटा ‘टे-एल’ (TL) असा लिहितात, तसंच लिहा. करताना वजनकाटा जवळ ठेवा, तो प्रत्येक जर्मन स्वयंपाकघरात असतो. आमटी मागितली असेल तर चौघांसाठी सुरुवातीला हे प्रमाण धरा आणि आपल्या हातच्या मापाने दुरुस्त करा: तूरडाळ १५० ग्रॅम, शिजवायला आणि सारखी करायला मिळून पाणी ९०० मिलि, तेल १ ए-एल, मोहरी अर्धा टे-एल, हिंग पाव टे-एल, हळद अर्धा टे-एल, गोडा मसाला दीड टे-एल, गूळ किंवा ब्राउन शुगर १५ ग्रॅम, आमसुलं ४ (ती संपली की लिंबाचा रस १ ए-एल, शेगडी बंद केल्यावर), मीठ ८ ग्रॅम. आणि सोबत गोड्या मसाल्याची एक छोटी बाटली द्या, तो त्यांना बाजारात मिळणार नाही.